डेकलखाली चांदी पडते: काय तपासायचं, कुठल्या क्रमानं

लक्षणं

डेकल म्हणजे पातळ पारदर्शक फिल्मवर छापलेलं, पाण्यात भिजवून प्लास्टिकच्या मॉडेलवर बसवायचं चित्र. ते ओलं असताना काचेसारखं स्वच्छ दिसतं. तासाभरात पाणी सुकतं आणि अक्षरांभोवतीच्या पारदर्शक कडेत चंदेरी झाक उमटते. समोरून पाहिलं तर जेमतेम जाणवते, दिवा तिरपा धरला की डोळ्यांत भरते. १/७२ मापाच्या मिग-२१ विमानावर ती आधी दिसते ती बारीक सूचनांच्या डेकलवर, कारण त्यांत छपाई थोडी आणि मोकळी फिल्म जास्त. १/३५ च्या टी-५५ रणगाड्यावर बुरुजावरच्या आकड्यांभोवती दिसते. हवाई दलाचं केशरी-पांढरं-हिरवं गोल चिन्ह त्या मानानं सुटतं. त्याची छपाई जवळजवळ कडेपर्यंत असते आणि खाली हवा राहिली तरी शाई ती झाकून टाकते.

चांदीचा आकार नीट बघा, अर्धं निदान तिथेच होतं. बारीक ठिपक्यांची रांगोळी असेल तर खालचा रंग खरखरीत आहे. एकच मोठा गोल फुगा असेल तर लावताना पाणी नीट दाबून काढलेलं नाही. पॅनेल लाईनच्या (पत्र्यांच्या जोडाच्या कोरलेल्या रेघेच्या) बरोबर वर सरळ रेघ असेल तर फिल्म खाचेत उतरलेली नाही, तिच्यावर पूल बांधून बसली आहे. आणि सगळी फिल्म एकसारखी चंदेरी, कडा किंचित उचललेल्या असतील तर गोंद पाण्यात वाहून गेलेला आहे.

चांदीसारख्या दिसणाऱ्या पण चांदी नसलेल्या तीन गोष्टी आहेत, त्यांची गल्लत फार होते. क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारल्यावर अख्ख्या मॉडेलवर, डेकल नसलेल्या जागीसुद्धा आलेली पांढरट साय. डेकलच्या बाहेर थेंबाच्या आकाराचे, कडेला जाड असलेले पांढरे डाग. आणि बोटाला पिठूळ लागणारी खरखर. या तिघांची औषधं वेगळी. चांदीचं औषध सायीवर लावलं तर काम दुप्पट होतं.

मुळात होतं काय?

वडापावच्या कागदावर तेलाचा डाग पडला की त्या जागी पलीकडचं दिसायला लागतं. कागदाच्या धाग्यांमधली हवा जाऊन तिथे तेल भरतं, प्रकाश विखुरायचा थांबतो. डेकलचं गणित हेच, उलट दिशेनं. मॅट रंग मॅट दिसतो तो पृष्ठभागावरच्या बारीक खड्ड्यांमुळे. फिल्म खड्ड्यांच्या कडांवर टेकते, खाली हवा उरते आणि ती हवा चांदीसारखी चमकते. म्हणजे हा डेकलच्या वरचा दोष नाही, खालचा आहे. म्हणूनच ‘वरून मॅट क्लिअर मारला की झाकून जाईल’ हा सल्ला फसवा ठरतो. मॅटनं चकाकी मरते, हवा तिथेच राहते आणि चंदेरी डाग राखाडी होतो, इतकंच.

१. पाण्याचा थेंब (खर्च शून्य)

पूर्ण वाळलेल्या पांढऱ्या जागेवर ओल्या कॉटन बडनं पाणी टेकवा आणि टॉर्च तिरपा धरून दहा सेकंद बघा. पांढरेपणा गेला, सुकल्यावर परत आला, तर दोष वरच्या थरात आहे: साय, क्षार किंवा खरखर. पाणी असूनही चांदी तशीच राहिली तर हवा फिल्मच्या खाली आहे; वरचं पाणी तिथे पोहोचतच नाही. पुढचा सगळा रस्ता या चाचणीवर ठरतो (वरचा दोष असेल तर २ आणि ७, खालचा असेल तर बाकीचं), म्हणून ही पहिली.

२. डाग क्षारांचा आहे का?

थेंबाच्या आकाराचे डाग म्हणजे बहुतेक वेळा पाण्याचा दोष. पुण्यात खडकवासल्याचं नळाचं पाणी सहसा त्रास देत नाही. पण वाघोली, उंड्री, पिसोळी अशा भागांतल्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं आणि दख्खनच्या बसाल्टमधून आलेलं ते पाणी जड असतं. बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते तीच मॉडेलवर धरते. कोमट डिस्टिल्ड पाण्यात बड बुडवून डाग पुसा, बड बदलत राहा. बॅटरीत घालायचं पाणी किराणा दुकानाजवळच्या गॅरेजमध्येही मिळतं; फिल्टरचं आरओ पाणीही चालतं. यापुढे डेकल त्याच पाण्यात भिजवा, एका वाटीत दहा-बारा डेकल झाले की पाणी बदला. पिवळसर-तपकिरी डाग असेल तर तो डेकलचाच गोंद आहे. तोही कोमट पाण्यानंच निघतो, पण क्लिअरच्या थराखाली गेला की नाही.

३. भिजवण्याची वेळ

फार लोक डेकल कागदावरून आपोआप सुटून तरंगेपर्यंत पाण्यात ठेवतात. गोंद तोवर वाटीत उतरलेला असतो. १० ते १५ सेकंद बुडवा, बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा, कागदातला ओलावाच त्याला सोडवतो. बोटानं हलवून बघा. सरकलं की तयार. पाणी कोमट हवं, हाताला सुखावेल इतपतच.

गोंद गेलेलाच असेल तर डेकल टाकू नका. जागेवर मायक्रो सेट किंवा मिस्टर मार्क सेटर (डेकल चिकटायला मदत करणारी द्रावणं) लावून त्यावर बसवा. ते नसेल तर चमचाभर पाण्यात फेविकॉलचा एक थेंब मिसळून ते पाणी ब्रशनं लावलं तरी काम होतं. बसवल्यावर ओला बड मधून कडेकडे लाटण्यासारखा फिरवा. घासायचं नाही, दाबत न्यायचं.

४. टाचणी आणि सॉफ्टनर

डेकल लागून गेलंय, चांदी ठिपक्यांची किंवा रेघेची आहे, तर इथपर्यंतच्या सामानात हा सर्वात स्वस्त उपाय. इन्सुलिनची सुई घ्या, मेडिकलमध्ये सुटी मिळते आणि साध्या टाचणीपेक्षा तिचं भोक कितीतरी बारीक. चंदेरी जागेत मिलिमीटरभर अंतरानं टोचे मारा. पॅनेल लाईनवर पूल असेल तर ११ नंबरच्या नव्या पात्यानं रेघेवरूनच एक हलकी चीर द्या. वर सॉफ्टनरचा, म्हणजे फिल्म मऊ करणाऱ्या द्रावणाचा, एक थेंब (मायक्रो सोल, मिस्टर मार्क सॉफ्टर, तामिया मार्क फिट स्ट्राँग, जे असेल ते), आणि हात बाजूला.

हात बाजूला हे सगळ्यात अवघड. सॉफ्टनर लागला की फिल्म सुरकुतते, डेकल वाया गेल्यासारखं दिसतं आणि माणूस बोट लावतो. बोट लावलं की ते खरंच वाया जातं, कारण फिल्म त्या वेळी सायीइतकी मऊ असते. सुकताना सुरकुत्या आपोआप ताणल्या जातात. अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा थेंब द्या, असं तीन-चार वेळा. पाचव्या फेरीनंतर फरक पडत नाही, तिथे थांबा.

तरीही ठिपके उरले तर सॉफ्टनरऐवजी पातळ केलेला तामिया एक्स-२२ क्लिअर ब्रशच्या टोकानं टोच्यांवर टेकवा. तो भोकांतून आत ओढला जातो आणि हवेची जागा घेतो, वडापावच्या तेलासारखा. थेंब छोटा ठेवा, जास्तीचा लगेच टिपून घ्या.

एक सावधगिरी: पूर्ण न वाळलेल्या ॲक्रिलिक क्लिअरवर सॉफ्टनरचं तळं साचू देऊ नका. तो थर चावला जातो, पांढरा डाग पडतो, आणि मग एका दोषाचे दोन होतात.

५. डेकलचं शीट

जुनं किट, पिवळी पडलेली फिल्म, किंवा पावसाळ्यात कपाटात राहून चिकटलेलं शीट असेल तर आधी नको असलेलं एक डेकल, एखादं दुसऱ्या देशाचं चिन्ह, प्लास्टिकच्या चमच्यावर लावून बघा. चमच्याचा पृष्ठभाग गुळगुळीतच असतो, त्यामुळे तिथेही चांदी पडली तर दोष शीटचा, तुमच्या रंगाचा नाही. पाण्यात तुकडे पडत असतील तर शीटवर ग्लॉस क्लिअरचा एक पातळ हात फवारून एक दिवस वाळवा. पण मग फिल्म सगळीकडे सलग होते, प्रत्येक डेकल कडेनं कापावं लागतं. पिवळेपणा घालवायला झिप पिशवीत शीट घालून खिडकीच्या काचेला आतून आठवडाभर चिकटवा, ऊन काम करतं. ठेवताना झिप पिशवी आणि सिलिका जेलची पुडी, एवढं केलं की पुरे.

६. खालचा रंग

वारंवार चांदी पडणाऱ्या दहातल्या बहुतेक मॉडेलांचं मूळ इथे असतं. ते टाळून लोक सॉफ्टनरच्या बाटल्या बदलत बसतात.

डेकल लावायच्या जागेवरून नखाची मागची बाजू फिरवा. सरसर आवाज आला तर डेकल लावायचं नाही. मग टॉर्च तिरपा धरा. दिव्याचं प्रतिबिंब कडेनं धूसर असेल तर ग्लॉस पुरेसा नाही. ट्यूबलाइटची सरळ रेघ ओळखू येते इतकी चकाकी हवी. शोभेच्या मोटारीसारखा आरसा नको. त्या जाडीनं १/७२ च्या पॅनेल लाईन बुजतात.

एक्स-२२ वापरत असाल तर एक भाग क्लिअर आणि एक ते दीड भाग मिस्टर लेव्हलिंग थिनर. एअरब्रशचं (हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनचं) नोझल ०.३ मिमी, दाब १५ पीएसआयच्या आसपास, अंतर ८ ते १० सेंटिमीटर. पहिला हात धुक्यासारखा हलका. दहा मिनिटांनी दुसरा, जरा ओलसर. तिसरा इतका ओला की फवारा जाताना मागे चकचकीत वाट दिसावी, पण ओघळू नये. हा तिसरा ओला हातच खड्डे भरतो. पहिल्या दोन हातांत भीतीनं थांबलात तर चकाकी आल्यासारखी वाटते आणि खड्डे तसेच राहतात. नंतर २४ तास वाळू द्या, पावसाळ्यात ४८. वास येतोय तोवर वाळलेलं नाही.

खाली रंगच पिठूळ बसला असेल तर क्लिअर कितीही ओता, उपयोग कमी. २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून बोटाच्या वजनानं फिरवा, मगच क्लिअर. हा पेपर हॉबीच्या दुकानातच मिळतो असं नाही. नाना पेठेत गाड्यांच्या रंगाचं सामान विकणाऱ्यांकडे सुटा मिळतो. कडा आणि उंचवटे जपा, तिथे रंग लगेच उडतो.

चंदेरी धातूच्या रंगातलं, साठच्या दशकातलं मिग-२१ करणाऱ्यांना हा त्रास फारसा होत नाही. धातूचा रंग मुळातच गुळगुळीत असतो. तोच माणूस पुढे करड्या छटांचं बायसन (सुधारित मिग-२१) करायला घेतो आणि ‘आधी तर नीट बसायचं’ म्हणून डेकलवर चिडतो.

७. पुण्याची हवा

जुलैतला ग्लॉस आणि एप्रिलमधला ग्लॉस वेगवेगळ्या कारणांनी बिघडतो.

पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थरात अडकते. पाण्याच्या चाचणीत सापडलेली पांढरी साय ती हीच. लॅकरच्या स्प्रे कॅनला हा रोग सर्वात लवकर होतो. ऑनलाईन साधा आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो; ६५-७० टक्क्यांच्या वर काटा असेल तर लॅकर क्लिअर मारू नका. पावसाळ्यात दिवसातली सर्वात कोरडी वेळ साधारण दुपारी दोन ते चार. म्हणजे नेमकी वामकुक्षीची वेळ; कॉम्प्रेसरच्या आवाजाचं शेजाऱ्यांशी आधी ठरवून घेतलेलं बरं. आलेली साय सहसा परतवता येते: कोरड्या दिवशी नुसता लेव्हलिंग थिनर लांबून, अगदी हलका फवारला की थर पुन्हा मऊ होतो, अडकलेली वाफ निघून जाते. डेकल लागलेले असतील तर मात्र थिनर जपून, जोरात मारलात तर डेकलच विरघळेल.

एप्रिल-मे मध्ये उलट. हवा इतकी कोरडी की थेंब मॉडेलवर पोहोचण्याआधीच वाळतात आणि पावडर होऊन बसतात. चकाकी येण्याऐवजी बारीक वाळूचा कागद तयार होतो आणि त्यावर हमखास चांदी. तेव्हा सकाळी आठच्या आत फवारा, एअरब्रश ६-७ सेंटिमीटरवर आणा, क्लिअरमध्ये रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रावणाचे) दोन-तीन थेंब घाला. पंखा बंद.

दोन्ही ऋतूंत कॉम्प्रेसरच्या टाकीखालची तोटी उघडून पाणी काढून टाका. पावसाळ्यात तर प्रत्येक वापरानंतर, नाहीतर ऐन तिसऱ्या हाताला नोझलमधून पाण्याचा थेंब उडतो.

मॅट क्लिअरची पांढरी पिठी हा आणखी वेगळा प्रकार. बाटलीच्या तळाशी बसलेली पूड न ढवळता घेतली किंवा एक्स-२१ फ्लॅट बेस (चकाकी मारणारं मिश्रण) अंदाजानं जास्त पडला की ती येते. कडेला आणि खाचांत आधी दिसते. वर ग्लॉसचा एक हात मारला की बहुतेक वेळा नाहीशी होते, मग नीट ढवळलेला मॅट पुन्हा.

८. रणगाड्याचा बुरूज

टी-५५ चा बुरूज ओतीव. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात ओतीव बुरूज जवळून पाहिले की तो खडबडीतपणा किती खरा आहे ते कळतं, आणि किट बनवणारे तो मुद्दाम देतात. म्हणजे इथे खड्डे रंगाचे नाहीत, प्लास्टिकचे आहेत. ते घासून टाकायचे नसतात.

अख्ख्या गाडीला ग्लॉस करायची गरज नाही. आकडा जिथे बसणार त्या जागी, भोवती दोन-तीन मिलिमीटर सोडून, एक्स-२२ ब्रशनं दोन हात द्या. डेकलची जादा फिल्म अक्षराच्या कडेपर्यंत कापा. मग तिसरा हात ओला असतानाच डेकल त्यावर ठेवा, बडनं दाबा, वर सॉफ्टनर. ओला क्लिअर खड्ड्यांत राहतो आणि हवेला जागाच उरत नाही. ही पद्धत विमानाच्या मोठ्या चिन्हांना वापरू नका; क्लिअर वाळायच्या आत जागा बदलायला फार तर अर्धं मिनिट मिळतं. त्याहून सोपं म्हणजे साधे पांढरे आकडे मास्किंग टेपचं स्टेन्सिल कापून फवारणं. चांदीचा प्रश्नच मिटतो. खऱ्या गाडीवर आणि विमानावरही चिन्हं रंगवलेलीच असतात. सदर्न कमांडच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात ठेवलेल्या मिग-२३ बीएनकडे पाहा: चिन्हाभोवती कसलीही कड दिसत नाही.

९. काढून पुन्हा

वरचं सगळं करून चांदी उरली आणि ती हातभर अंतरावरून दिसतेय, तर डेकल काढा. वर क्लिअर मारलेला नसेल तर कोमट पाण्याचा ओला टिश्यू वीस मिनिटं ठेवून मास्किंग टेपनं हलके उचला. सॉफ्टनर दिलेलं डेकल अखंड निघत नाही, दुसरं हाताशी असेल तरच हात घाला. क्लिअरखाली असेल तर २००० च्या पेपरनं घासून, जागा रंगवून, ग्लॉस देऊन पुन्हा. सगळी डेकल एका दिवसात लावू नका. पोटाखाली तीन लावा, रात्रभर वाळू द्या, सकाळी टॉर्च मारा. मिग-२१ ला सूचनांचीच डझनावारी डेकल असतात. चूक तिसऱ्याला कळावी, तिसाव्याला नाही. सगळी नीट बसली की ओल्या बडनं गोंद पुसा, २४ तास थांबा, ग्लॉसचा पातळ हात मारा. त्यानंतर वॉश (खाचांत उतरवायचा पातळ रंग), शेवटी मॅट.

इथे थांबा

एकाच डेकलवर दोन दुरुस्त्या फसल्या असतील तर तिसरी करू नका. खालचा रंग आणि रेघा जातात, डेकलपेक्षा त्या महाग.

मॉडेल कोणाच्या आठवणीचं असेल, लष्करातल्या माणसाला मिळालेली भेट किंवा तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं जुनं काम, तर टाचणीसुद्धा लावू नका. जुनी फिल्म सॉफ्टनरनं विरघळून जाऊ शकते. पैसे घेऊन मॉडेल बनवणाऱ्या अनुभवी माणसाकडे द्या आणि आधी फोटो काढून ठेवा. शीट पूर्ण गेलं असेल तर पांढरी शाई छापणाऱ्या डेकल प्रिंटरवाल्याकडून नवं करून घ्या. घरच्या इंकजेटला पांढरा रंग नसतो, त्यामुळे गोल चिन्हाची पांढरी कडी तिथे उमटत नाही. खालचा करडा दिसतो.

कॉम्प्रेसर ठरलेल्या दाबाला बंद होत नसेल, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसत असेल, टाकीतून गंजाचं लाल पाणी येत असेल किंवा हाताला झिणझिणी येत असेल तर प्लग काढा. तो उघडायचा नाही, कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्याकडे न्यायचा. दाबाखालची गंजकी टाकी दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते.

लॅकर थिनरनं डोकं जड झालं, मळमळलं, तर तेवढ्यावर काम बंद, मोकळ्या हवेत जा. बरं वाटलं नाही तर डॉक्टर गाठा. कापडी मास्क वाफ अडवत नाही, कार्बन फिल्टरचा लागतो. खिडकी उघडी हवी, आणि त्याच खोलीत गॅस, निरांजन किंवा उदबत्ती पेटती नको.